रविवारचा एक तास गाडीसाठी

सकाळच्या पाळीला जाणारा कामगार असो, वायरमन असो की घरोघर दूध टाकणारा, आज कितीतरी घरांची भाकरी मोटारसायकलवर चालते. गाडी रुसली की कामाचा खाडा पडतो, वर गॅरेजचे बिल वेगळेच. या बिलातला बराच भाग साध्या कामांच्या मजुरीचा असतो. ती कामे घरी करता येतात.

सर्वांत महत्त्वाचे इंजिन ऑइल. आपल्याकडच्या १०० सीसीच्या गाड्यांत ते एक लिटरच्या आतबाहेर लागते. गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे ऑइल पातळ होते. मग डबल स्टँडवर लावून, खाली जुने घमेले ठेवून बोल्ट सोडावा. ऑइल गरम असते, हात सांभाळावा. पूर्ण निथळल्यावर वॉशरसह बोल्ट बसवावा आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच ऑइल, लिहिले आहे तेवढेच ओतावे.

इथे माझी फजिती सांगतो. पहिल्या खेपेला गळती नको म्हणून मी लांब पान्याने अंगातला सगळा जोर लावून बोल्ट आवळला. आतले आटेच गेले! वाचवायला गेलो मजुरी आणि गमावली तिच्या कितीतरी पट. बोल्ट आधी बोटांनी सरळ बसवावा, शेवटी पान्याने बेताचाच आवळावा. आता हे काम माझी मुलगी माझ्यापेक्षा नीट करते.

चेन उघडी असेल तर रॉकेल किंवा डिझेलात बुडवलेल्या जुन्या ब्रशने घासून, पुसून, ९० नंबरचे गिअर ऑइल सोडावे. चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोट चक्रात गेले तर तुटतेच. मुलांना त्या वेळी जवळ बसू देऊ नये.

एअर फिल्टर फोमचा असेल तर धुता येतो. कागदाचा असेल तर धुऊ नये, फुंकरही मारू नये, मुदतीला बदलावा. पैसे वाचतील म्हणून कागदी फिल्टर धुणारे बरेच भेटतात; धूळ इंजिनात गेल्यावर खर्च किती होतो ते त्यांना नंतर कळते.

प्लग मात्र इंजिन थंड झाल्यावरच काढावा. टोकाला काजळी असेल तर पुसून पुन्हा बसवता येतो, टोक झिजले असेल तर नवाच घ्यावा.

ब्रेकचे लायनर, क्लच आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांतील इंजेक्शनचे काम माहीतगार मेकॅनिककडेच द्यावे. गाडी वॉरंटीत असेल तर ठरलेली सर्व्हिसिंग चुकवू नये.

काढलेले काळे ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्या. बऱ्याच ठिकाणी ते ठेवून घेतात.