उतारच मांड्या मोडतो

लोणी भापकर गावच्या माळावर रोज पळणारा मुलगा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जातो, तेव्हा त्याला धास्ती असते यवतेश्वर घाटाच्या चढाची. २०१२ पासून होणाऱ्या या २१ किलोमीटरच्या शर्यतीत आधी कासच्या दिशेने घाट चढायचा, मग त्याच वाटेने उतरायचं.

चढ दमवतो हे खरंच. इटालियन शास्त्रज्ञ मिनेट्टी यांनी २००२ मध्ये दाखवलं, की ४५ टक्के चढावर पळताना सपाटीच्या साडेपाचपट ऊर्जा लागते. २० टक्के उतारावर मात्र जवळपास निम्मीच पुरते. मग दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या का ठणकतात?

उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो. तो आवळलेला असतानाच ताणला जातो, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी उफाळतं. धाप लागत नाही, म्हणून ही झीज लक्षातच येत नाही.

विलक्षण गोष्ट अशी, की उताराचा एकच सराव स्नायूंना पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी वाचवतो. तेव्हा शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी जवळची टेकडी गाठा आणि उतरताना पावलं आखूड टाका.