सावकाराच्या वहीपासून गिरणीच्या भोंग्यापर्यंत

वऱ्हाडातल्या कष्टकऱ्याला कापूस आणि कर्ज यांचे नाते कुणी समजावून सांगायला नको. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव एकाएकी चढला. त्याच दशकात आगगाडी आली. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, अकोल्यात सावतराम आणि मोहता या गिरण्या उभ्या राहिल्या. युद्ध संपले आणि भाव उतरला. सावकाराच्या वहीतला आकडा मात्र उतरला नाही. शेत हातचे गेले, की माणूस भोंग्याच्या दिशेने चालू लागे.

या नव्या जगण्याकडे त्या काळचे कलावंत कसे पाहत होते? पडद्यावर तेव्हा देवदेवता आणि राजेरजवाडे यांचीच गर्दी होती. तिथे शेतकऱ्याला उभे केले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी.

बाबूराव (१८९०-१९५४) कारागिराच्या घरातले. चित्रकला ते स्वतःच्या बळावर शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटकांचे पडदे रंगवीत. १९१६ साली आनंदराव वारले, पण बाबूरावांनी सिनेमाचा ध्यास सोडला नाही. १९१८ साली त्यांनी कॅमेरा घडवला, तोही कोल्हापुरातच! १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’. ही कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार कागदपत्रांच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांताराम यांनी केले. चित्रपट मूक होता. तरीही ज्याला अक्षर येत नव्हते, त्याला चेहरा वाचता येत होता. १९३६ साली बाबूरावांनी हीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली.

वाचकहो, अशीच कथा सातासमुद्रापार घडत होती. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतांवर राबणारे काळे लोक १९१६च्या सुमारास हजारोंनी उत्तरेकडच्या कारखान्यांकडे निघाले. कर्ज, कापसावरची कीड आणि गोऱ्यांचा जुलूम त्यांच्या पाठीशी लागला होता. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या हार्लेम वस्तीला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तिथेच शिकले.

हार्लेममध्ये वाढलेला जेकब लॉरेन्स (१९१७-२०००) हा अशाच स्थलांतरित आईबापांचा मुलगा. आई घरकाम करून संसार चालवी. १९४१ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याने या स्थलांतराची ६० चित्रे पूर्ण केली. प्रत्येक चित्राखाली एक साधे वाक्य लिहिले. त्यात नायक एकही नाही, सारा समाजच चालतो आहे. शहर म्हणजे स्वर्ग, असेही त्याने रंगवले नाही. तिथली कोंदट घरे, दंगली, जेवणाच्या टेबलावरचा भेदभाव, सारे दाखवले. पण एका चित्रात फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या तीन मुलीही आहेत.

बाबूरावांनी एका कुटुंबाची कथा सांगितली, लॉरेन्सने लाखोंची. दोघांचे सांगणे मात्र एकच आहे: माणूस नशिबाने उठून जात नाही. कुणाच्या तरी हातातला कागद, कुणाचा तरी कायदा त्याला उठवतो. आणि जे माणसाने केले, ते माणसाला बदलताही येते.

सावतराम आणि मोहता गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. तिथे राबलेल्यांच्या आठवणी मात्र घराघरांत आहेत. त्यांचा सिनेमा कुणी काढला नाही, ६० चित्रेही कुणी रंगवली नाहीत. आपल्या घरात असे कुणी वडीलधारे असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. गाव का सोडले, पहिला पगार किती होता, मुलांच्या शाळेसाठी काय काय विकले, हे विचारू द्या, वहीत उतरवू द्या. ज्याला चित्र काढता येते, त्याने चित्र काढावे. लॉरेन्सनेही आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी ऐकूनच सुरुवात केली होती.