लंडनचे वार्तापत्र : पाटी पाहुण्याची

इंग्रज मनुष्य शेजाऱ्याला ओळखतसुद्धा नाही, मग तो त्याचा सत्कार काय करणार, असा एक पक्का समज आपल्याकडे आहे; आणि उन्हाळ्यात इकडे फिरून जाणारा प्रत्येक प्रवासी त्यात दोन-चार थंडगार किश्शांची भर घालतो. वस्तुस्थिती अशी की, सत्काराची हौस या लोकांना आपल्याइतकीच, किंबहुना गुंजभर अधिक आहे. फक्त आपण ती मांडव घालून भागवतो आणि हे लोक अर्ज भरून भागवतात. नववर्षाच्या मुहूर्तावर आणि राजाच्या वाढदिवशी, अशी वर्षातून दोनदा सन्मानांची जी लांबलचक यादी प्रसिद्ध होते, तिच्यात नटनट्या, खेळाडू आणि निवृत्त सचिव यांच्या पाठीमागे, वृत्तपत्रे ज्यांची छायाचित्रे छापण्याची तसदी घेत नाहीत, अशी शेकडो साधी माणसे असतात : कोणी निर्वासितांना वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले, कोणी भुकेल्यांसाठी शिधावाटपाचे केंद्र चालवले. त्यांची शिफारस बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच, पाठिंब्याची पत्रे जोडून आणि त्या व्यक्तीला सुगावा लागू न देता, केलेली असते. मग सरकारी दफ्तरातून एक गोपनीय खलिता येतो : सन्मान देऊ केला तर तो घ्याल काय?

मला हेवा वाटतो तो या प्रश्नाचा. आपल्याकडे सत्कारमूर्तीला कोणी विचारतच नाही. पंचाहत्तरी जवळ आली की समिती स्थापन होते, पावतीपुस्तके छापली जातात, गौरवग्रंथासाठी लेख मागवले जातात, आणि सत्कारमूर्तीने 'हे कशाला?' म्हटलेच, तर त्या उद्गाराची विनय म्हणून नोंद होऊन काम दुप्पट जोमाने पुढे चालते.

अर्थात इकडचा कारभार सोज्ज्वळ आहे असे समजू नये. ज्या मानचिन्हांचा या यादीत सर्वांत मोठा वाटा असतो, ती 1917 साली, महायुद्धाच्या धामधुमीत निर्माण झाली. साम्राज्य केव्हाच आटोपले तरी त्यांच्या नावातले साम्राज्य अद्याप शाबूत आहे. आयुष्यभर शांततेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाच्या छातीवर साम्राज्याचे पदक लावायचे आणि त्याने ते हसतमुखाने मिरवावे अशी अपेक्षा करायची, यातली विसंगती इंग्रजांना टोचत नाही. आपल्याला टोचावी, कारण गांधीजींना 1915 साली मिळालेले कैसर-ए-हिंद पदक त्यांनी 1920 साली सरकारला परत केले होते.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका वृद्ध बाईंच्या सत्काराला गेलो होतो. युद्धाविरुद्ध चौकात मूकपणे उभे राहण्यात आणि उरलेल्या वेळी परागंदा कुटुंबांसाठी कपडे, भांडी, अंथरुणे गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला. सभागृहात लाकडी खुर्च्या, एका कोपऱ्यात चहाचा मोठा बंब आणि बशीत मोजकी बिस्किटे. व्यासपीठ असे नव्हतेच. महापौर गळ्यात ती अवजड साखळी घालून आले आणि चार-पाच मिनिटे बोलून खाली बसले. बाईंनी आभार मानले, आणि त्याच दमात जाहीर केले की शनिवारी थंडीचे कपडे निवडायचे आहेत, चार माणसे कमी पडत आहेत, नावे आताच द्यावीत. महापौरांनीही नाव दिले! सत्कार संपल्यावर बाई स्वतः खुर्च्या एकावर एक रचू लागल्या आणि कोणी त्यांना 'तुम्ही बसा हो' म्हणाले नाही.

आता आपले स्मरण करावे. निमंत्रणपत्रिकेवर अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती आणि निमंत्रक यांच्या नावांच्या गर्दीत सत्कारमूर्तीचे नाव शोधावे लागते. साडेपाचचा समारंभ साडेसहाला सुरू होतो. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, व्यासपीठावरच्या प्रत्येकाला पुष्पगुच्छ, अनुपस्थित मंत्र्यांच्या संदेशाचे वाचन, मग सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. आणि ज्याच्यासाठी हा सारा इतमाम, तो मनुष्य शाल पांघरून, श्रीफळ मांडीवर सांभाळत रात्री पावणेदहाला बोलायला उभा राहतो, तेव्हा त्याला 'थोडक्यात' अशी चिठ्ठी मिळते. हे लिहिताना माझा जीव चडफडतो, आणि तरीही सांगतो, त्या लंडनच्या सभागृहात मला एका गोष्टीची उणीव भासली. त्या बाईंना कोणी वाकून नमस्कार केला नाही, कोणाचा गळा दाटून आला नाही, कोणी म्हातारा मागच्या रांगेतून उठून 'बाई, तुमच्यामुळे माझी मुलगी शिकली' असे अवेळी ओरडला नाही. आपल्याकडे तो ओरडतोच. सूत्रसंचालकाला आवरत नाही, आणि सबंध समारंभात खरे असे तेवढेच असते.

या विषयाचा माग काढीत पूर्व लंडनच्या बो भागात गेलो. तिथल्या पॉविस रोडवरच्या किंग्जली हॉलमध्ये, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, 12 सप्टेंबर ते 5 डिसेंबर 1931 या काळात गांधीजी राहिले होते. आलिशान हॉटेले सोडून मजुरांच्या वस्तीतली गच्चीवरची एक लहानशी खोली त्यांनी पत्करली, पहाटे त्या गल्ल्यांतून फिरले, आणि वस्तीतल्या बालगोपाळांनी वाढदिवसाला दिलेली लोकरीची खेळण्यातली कुत्री व गुलाबी मेणबत्त्या आनंदाने स्वीकारल्या, हे आपण वाचलेले असते. परंतु ही खोली दिली कोणी? म्यूरिएल लेस्टर या बाईने. धनिक बापाची ही मुलगी बो वस्तीत येऊन राहिली. दिवंगत भावाच्या नावाने 1915 साली तिने आणि तिची बहीण डोरिस हिने ही संस्था उघडली. वडिलांकडून आलेला पैसा स्वतःचा मानण्याचे नाकारून तिने तो वस्तीला देऊन टाकला. पॉप्लर बरोच्या, म्हणजे तिथल्या विभागीय नगरपालिकेच्या, कारभारात माता व बालकांच्या आरोग्याचे काम तिने पाहिले. 1926 साली ती साबरमतीला राहून आली आणि 1934 साली बिहारच्या भूकंपग्रस्त भागात गांधीजींबरोबर हिंडली. युद्धाच्या विरोधात जगभर बोलत फिरते म्हणून तिच्याच सरकारने 1941 साली तिला त्रिनिदाद बेटावर स्थानबद्ध केले आणि तिचा पासपोर्ट काढून घेतला. पुढे उतारवयात त्याच पॉप्लर बरोने तिला आपले 'फ्रीडम', म्हणजे मानाचे नागरिकत्व, बहाल केले. शांततेचे काम करणारा मनुष्य युद्धकाळात संशयित आणि युद्ध संपल्यावर भूषण ठरतो, हा न्याय सगळीकडे एकच दिसतो. 1893 साली विधवेशी विवाह केला म्हणून ज्या कर्व्यांवर मुरूडकरांनी बहिष्कार घातला, त्यांना 1958 साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. आपण फक्त जरा जास्त वेळ घेतला.

आणि किंग्जली हॉलच्या भिंतीवरची ती सुप्रसिद्ध निळी गोल पाटी कोणाची? पाहुण्याची. तिथे बारा आठवडे राहिलेल्या गांधीजींची पाटी लंडन कौंटी कौन्सिलने 1954 सालीच लावली. म्यूरिएलबाईंच्या नावाची पाटी पाहायची तर, त्या अखेरपर्यंत राहिल्या त्या लाउटन गावी, लंडनच्या वेशीबाहेर, जावे लागते. आपल्याकडे असे झाले असते तर घरच्या मंडळींनी मोर्चा काढला असता, आणि मला वाटते, तो योग्य ठरला असता.

तरीही या पाट्यांचा जाबता मला आवडतो. आता मृत्यूनंतर निदान वीस वर्षे उलटल्याखेरीज पाटीचा विचारच होत नाही. त्यामुळे भक्तांचा जोर ओसरतो, शत्रूंचाही. मजकूर दोन-तीन ओळींचा : नाव, जन्म-मृत्यूची साले, काय होता, केव्हा राहिला. मेडा व्हेलमधल्या हौली प्लेसच्या दहा नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांची पाटी आहे. त्यांना देशभक्त व तत्त्वचिंतक एवढी दोनच विशेषणे दिली आहेत आणि खाली कोणत्याही नगरसेवकाचे 'सौजन्याने' नाही. तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला प्रथम ती फार कोरडी वाटते. मलाही वाटली, पण आपल्या चौकांतले फलक आठवले आणि तक्रार गिळली.

लंडनला याल तेव्हा राजवाड्याच्या पहाऱ्याची अदलाबदल पाहण्याचा एक तास वाचवून बो भागात जावे. डिस्ट्रिक्ट लाइनच्या ब्रॉम्ली-बाय-बो स्थानकापासून पॉविस रोड चालत थोड्या अंतरावर आहे. गांधीजींची खोली पाहायची असल्यास मात्र आधी लिहून विचारावे, कारण ती वास्तू नुसते स्मारक नाही. खाली वस्तीतल्या लोकांचे उपक्रम अजून चालू असतात.