पोटाच्या तक्रारी आणि मधुमेह

कामठीच्या बाजारपेठेत सकाळी गादीवर बसलेला व्यापारी रात्री दुकान वाढवूनच उठतो. अशा बैठ्या दिनक्रमात पोट फुगणे, आंबट ढेकर येणे, शौचास साफ न होणे हे इतके नित्याचे की गल्ल्याच्या खणात हिंगाष्टकाची पुडी ठेवलेली असते. मधुमेह नसलेल्यांतही या तक्रारी विपुल आढळतात आणि नेमके त्यामुळेच मधुमेह्याच्या पोटाकडे दुर्लक्ष होते.

वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की जठराला चालना देणारा व्हेगस मज्जातंतू दुर्बल होऊ शकतो. एरवी चार तासांत बहुतांशी रिकामे होणारे जठर मग रेंगाळते. दोन घासांतच पोट भरते, मळमळते. कधी सकाळचे अन्न सायंकाळी उलटून पडते. अन्न रक्तात उशिरा उतरते, जेवणापूर्वी टोचलेले इन्सुलिन मात्र आपल्या वेळेवर काम करते. परिणामी जेवूनही साखर घसरते आणि काही तासांनी अकस्मात चढते. रोजमेळ न जुळण्याचे कारण असे जठरात दडलेले असू शकते.

प्रत्येक वेळी दोष आजाराचाच असतो असे नाही. मेटफॉर्मिनने अनेकांना जुलाब व वायू होतो. गोळी जेवणाबरोबर घेतल्याने किंवा वैद्यांनी सावकाश विरघळणारी गोळी दिल्याने तो पुष्कळ कमी होतो. हेच औषध दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारी घरांत ते आधीच अपुरे असण्याचा संभव असल्याने रक्ततपासणी इष्ट. ‘शुगर-फ्री’ मिठाईतील सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांनीही पोट बिघडते. सणासुदीला औषधाला बोल लावला जातो, बर्फी निर्दोष सुटते!

मधुमेह्याला हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. छातीच्या खालच्या भागातील जळजळीबरोबर घाम सुटला किंवा दम लागला, तर चूर्ण न शोधता तत्काळ रुग्णालय गाठावे. शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, घास अडकणे यांचा तपास मधुमेह असो वा नसो, लांबवू नये.

चौविहारातील सूर्यास्तापूर्वीचे हलके भोजन मंद जठराला सहसा सोयीचे पडते. पर्युषणातील उपवासाची गोष्ट निराळी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना निराहार राहिल्यास साखर ७० मिलिग्रॅमखाली उतरू शकते. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वीच औषधाची मात्रा वैद्यांकडून ठरवून घ्यावी आणि साखर उतरल्यास काय करायचे, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.