मागे बसणाऱ्याचे डोके

पूर्णा जंक्शनवर रात्रीची गाडी येते, तेव्हा स्टेशनबाहेर रिक्षांबरोबर मोटारसायकलीही उभ्या असतात. कोणाला न्यायला भाऊ आलेला असतो, कोणाला भाचा. चालविणाऱ्यापाशी कधीमधी हेल्मेट दिसते; परंतु मागे बसणाऱ्यासाठी दुसरे आणलेले मी क्वचितच पाहिले आहे. जणू अपघात झालाच तर तो पुढच्यालाच होणार! या समजुतीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मध्ये चालविणारा आणि मागे बसणारा असा भेद नाही. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील बाकी सर्वांना हेल्मेट आवश्यक आहे.

परंतु दंडाच्या भीतीपेक्षा कारण समजणे महत्त्वाचे. "आम्ही हळूच चाललो होतो," असे आपण नेहमी ऐकतो. मागे बसलेल्याचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. तेथून ते सरळ खाली आले, तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या आसपास भरतो. हा हिशेब गाडी उभी आहे असे धरून केलेला आहे!

उघडे डोके रस्त्यावर आपटले की हा वेग क्षणार्धात संपतो. कवटी थांबते, मेंदू मात्र आतून तिच्यावर आदळतो. हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलसारखा जाड थर असतो. तो चेपतो, आणि तेवढ्या अवधीत डोके जरा सावकाश थांबते. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि पट्टा न लावता तर ते घालूच नये. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले.

मागच्याची स्थिती तर अधिकच नाजूक. त्याच्या हाती हँडल नसते, पुढचा खड्डा त्याला दिसत नाही, ब्रेक केव्हा लागेल हे ठाऊक नसते. आपल्याकडे स्त्रिया एका बाजूस पाय सोडून बसतात, शिवाय मांडीवर लेकरू किंवा पिशवी असते. गेल्या पावसाळ्यात माझी आई मामांच्या गाडीवरून गतिरोधकावर पडली. गाडी अगदी रांगत होती. मामांच्या डोक्यावर हेल्मेट होते, आईच्या डोक्यावर पदर. सात टाक्यांवर निभावले. दुसरे हेल्मेट आणले तेव्हा ती म्हणाली, "मी काय गाडी चालवते का? मला कशाला टोप?" तिला पटवून देताना मला जे शोधावे लागले, तेच येथे लिहिले आहे.

गोव्यात 'पायलट' पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीवरून भाडे घेऊन प्रवासी नेतात. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही १ एप्रिल २०२५ रोजी एक लाखावर वस्तीच्या शहरांसाठी ई-बाईक टॅक्सीला मान्यता दिली. आपली पूर्णा तेवढी मोठी नाही. आपली टॅक्सी म्हणजे मामा, भाऊ, नाहीतर शेजारी. तेथे भाडे नसते. पण मागे बसणाऱ्याचा जीव त्यांच्याच हवाली असतो.

तेव्हा मित्रहो, स्टेशनवर कोणाला आणावयास निघाल, तेव्हा हेल्मेट दोन घ्या. आई आता कुरकुरत का होईना, पट्टा लावून बसते.