समजून घ्या : वादळ गेले, पाऊस दारात, गावाकडच्या घरात आधी काय, नंतर काय?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वादळ काही तासांत पुढे सरकले, पण घरे सावरायला महिने लागले. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, पत्रे आणि कौले मिळत नव्हती.

त्यातच पावसाळा तोंडावर होता. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि दक्षिण कोकणात तो त्याआधीच पोहोचतो. म्हणजे मे-जूनमधल्या वादळानंतर हातात जेमतेम काही दिवस असतात. या दिवसांत कोणते काम आधी करायचे, यावर जीव, घर आणि सरकारी मदत या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

सर्वात आधी काय? वीज

वारा थांबला की माणूस थेट अंगणात जातो. धोका तिथेच असतो. खांब वाकलेला, तार तुटून कुंपणावर किंवा पत्र्यावर पडलेली असू शकते. आजूबाजूला अंधार आहे म्हणून तारेत वीज नाही, असे समजू नका. दुरून पुरवठा सुरू झाला तर तीच तार, ओली जमीन आणि लोखंडी कुंपण जिवंत होते.

• पडलेल्या तारेपासून किमान १० मीटर लांब राहा. गुरे आणि मुले तिकडे जाणार नाहीत याची व्यवस्था करा.
• कोरड्या जागी उभे राहून हात लावता येत असेल तरच घरातला मेन स्विच बंद करा.
• महावितरणला १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, तर तातडीच्या मदतीसाठी ११२.
• पाण्यात भिजलेला फ्रिज, मिक्सर किंवा विहिरीवरचा पंप ‘चालू होतो का बघू’ म्हणून लावू नका. आतून पूर्ण वाळल्यावर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जनरेटर आणला असेल तर तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका कळतही नाही. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचून सगळे घर चालवणे तर त्याहून घातक. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि रोहित्रातून उच्च दाबाची होऊन गावच्या लाइनवर चढते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो.

आवरायला घेण्याआधी फोटो का?

मदत पंचनाम्यावर मिळते आणि पंचनामा करणारे पथक लगेच पोहोचेलच असे नाही. तोवर फुटलेली कौले फेकलेली असतात, झाडे तोडलेली असतात. म्हणून आधी मोबाइल काढा.

• घराचे चारही बाजूंनी पूर्ण फोटो घ्या. मग एकेक नुकसान जवळून टिपा. शेजारी माणूस किंवा मोजपट्टी असेल तर आकार कळतो.
• लोकेशन चालू ठेवा. तारीख-वेळ छापणारे कॅमेरा अॅप असेल तर उत्तम.
• व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली जागा-वेळेची माहिती निघून जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फोटो डिलीट करू नका.
• वाडीतली पडलेली झाडे मोजा. नारळ, पोफळ, आंबा अशी वेगवेगळी संख्या वहीत लिहा. तोडण्याआधी बुंध्यावर चुन्याने क्रमांक टाका.

फोटो हा पंचनाम्याला पर्याय नाही, पण पथकासमोर तोच तुमचा पुरावा आहे. तो हातात असला की पंचनाम्याची वाट बघत छप्पर उघडे ठेवण्याची गरज उरत नाही.

छप्पर कसे झाकायचे?

ताडपत्री फक्त भोकावर टाकली तर वरून वाहत आलेले पाणी तिच्याखाली शिरते. तिचे वरचे टोक आढ्यावरून पलीकडच्या उतारावर न्या आणि खालचे टोक पागोळीच्या बाहेर सोडा. दोर वाशांना बांधा. नुसते दगड ठेवले तर वाऱ्याने ताडपत्री उडते आणि दगड खाली माणसांवर येतात.

ओल्या कौलांवर चढू नका. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो, त्यामुळे आडवी फळी किंवा शिडी टाकून वजन वाशांवर येऊ द्या. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे कापू किंवा फोडू नका. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून उचला. शाबूत कौले, वासे, रिपा वेगळ्या रचून ठेवा. मागणी वाढल्यावर याच वस्तू बाजारात मिळत नाहीत.

पंचनाम्यातले आकडे पाहिले की हे का महत्त्वाचे ते कळेल. त्याआधी पाण्याचे पाहू.

विहिरीचे पाणी प्यायचे का?

लगेच नाही. आधी पालापाचोळा, फांद्या काढा. मग टीसीएल पावडर वापरा. हिशेब सोपा आहे. मीटरमध्ये व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५ केले की पाणी किती लिटर ते कळते. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते.

चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम लागते. गढूळ पाण्याला जास्त लागते. पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळा. किमान तासभर थांबा. क्लोरीन पुरेसे आहे का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून तपासून घ्या. तोवर पाणी उकळून प्या.

साचलेल्या पाण्यात काम करताना गमबूट घाला, जखमा झाका. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतोच. ताप आला तर घरगुती उपाय न करता आरोग्य केंद्रात जा. पडलेल्या कौलांत, लाकडांत साप दडलेले असतात. आधी काठीने हलवा, मग हात घाला.

सरकारकडून किती मिळते?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे काही निकष असे :

• घर पूर्ण पडले : सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये
• किमान १५ टक्के पडझड : पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये
• गोठा : ३,००० रुपये
• दुभती गाय किंवा म्हैस दगावली : ३७,५०० रुपये
• बहुवार्षिक फळबाग, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान : हेक्टरी २२,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत

ही मदत आहे, भरपाई नव्हे. राज्य सरकार मोठ्या आपत्तीत स्वतंत्र निर्णयाने दर वाढवते, त्यामुळे ताजा शासन निर्णय तहसील कार्यालयात विचारा. ‘निसर्ग’नंतर बागांसाठी हेक्टरी ५० हजार जाहीर झाले होते.

कोकणाची अडचण ‘हेक्टर’ या शब्दात आहे. इथली वाडी अनेकदा काही गुंठ्यांची आणि झाडे दाट. १० गुंठे म्हणजे साधारण ०.१ हेक्टर. हेक्टरी ५० हजारांनीही हातात ५ हजार येतात. मे २०२१ च्या ‘तौक्ते’नंतर झाडामागे मदत दिली गेली, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. नवे नारळाचे किंवा पोफळीचे झाड उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षे घेते, हे लक्षात घेतले की रक्कम किती तोकडी आहे ते कळते. म्हणून पंचनाम्यात क्षेत्राबरोबर झाडांची संख्याही लिहून घ्या. पुढे झाडामागे मदत जाहीर झाली तर कागदावर आकडा तयार असेल.

पंचनाम्याच्या वेळी काय हवे?

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात तेव्हा आधार, बँक पासबुक, ७/१२, ८-अ आणि घरपट्टीची पावती तयार ठेवा. लिहिलेले वाचल्याशिवाय सही करू नका आणि केल्यावर कागदाचा फोटो घ्या. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे खाते आधारशी जोडलेले आणि चालू आहे ना, हे बघा.

घर गावाला, मालक मुंबईत असेल तर?

बंद घरांचा पंचनामा राहून जाण्याची शक्यता जास्त. गावातल्या विश्वासू नातेवाइकाला फोटो काढायला आणि पथकाबरोबर उभे राहायला सांगा. ७/१२ वर भाऊ-चुलत्यांची सामाईक नावे असतील तर मदत एकाच्या खात्यात घेण्यासाठी बाकीच्यांचे संमतीपत्र मागितले जाते. अनेकांचे पैसे इथेच अडकतात. वादळ नसताना, गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हा याविषयी बोलून ठेवलेले बरे. ७/१२ वर वाडीतल्या झाडांची नोंद नसेल तर ई-पीक पाहणी अॅपवरून तीही त्याच फेरीत करून घ्या.