दगडाखालची साक्ष

पहाटे ५.३०
गमबूट, जाळी, पांढरं तबक, चिमटा, मऊ ब्रश पिशवीत भरून पुणं सोडलं. दिवाळी उलटली की पावसाचा गढूळपणा खाली बसतो. नदीतले नमुने घ्यायला हाच काळ चांगला.

सकाळी ७.३०
पानशेत धरणाच्या वर, आंबी नदी. जाळी प्रवाहाला आडवी धरायची आणि तिच्यापुढचे दगड पायाने ढवळायचे, मोजून तीन मिनिटं. मग सगळं तबकात. आधी नुसता पाचोळा दिसतो. धीर धरला की त्यातलंच काहीतरी चालू लागतं. चपट्या डोक्याचं, लांब शेपट्यांचं, मेफ्लाय या कीटकाचं पिल्लू. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, सारखे फडफडणारे. शेजारी कॅडिसफ्लायची अळी, वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने चिकटवून केलेल्या नळीत.

ही मंडळी पाण्यात महिने काढतात. तपासणीसाठी बाटलीत भरलेलं पाणी फक्त भरलं त्या क्षणापुरतं सांगतं. रात्री कुणी सांडपाणी सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर बाटलीला पत्ता नाही. या पिल्लाला मात्र ती एक रात्र भोवते. म्हणून माझा भरवसा याच्यावर जास्त.

मोजून झाल्यावर सगळ्यांना पाण्यात सोडलं.

दुपारी १
याच पाण्याची पुढे मुठा होते. शहरातला एक पूल. दगडांवर काळा चिकट गाळ, सडक्या अंड्यांचा वास. तबकात लालभडक अळ्या आणि ट्यूबिफेक्स, म्हणजे माशांचं खाद्य म्हणून दुकानात मिळतात ते केसासारखे जंत. बाकी कुणी नाही. अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर त्या प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळातही तगतात. इथे मी फार वेळ वाट पाहिली. चपटं डोकं एकही दिसलं नाही.

दुपारी ४
पुलाखालून आणलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली. ब्रिटिश गुणपद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, ज्याला प्रदूषण सोसत नाही त्याला जास्त: चपट्या मेफ्लायला १०, लाल अळ्यांना २, जंतांना १. पुलाखालची बेरीज ३.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीही जैविक कसोटी आहे, स्वच्छ ‘ए’पासून अतिप्रदूषित ‘ई’पर्यंत पाच वर्गांची. नदीच्या चर्चेत तिचं नाव क्वचितच कानावर येतं, याचं वाईट वाटतं.

संध्याकाळी ७
वहीत नोंद केली, जाळी धुऊन वाळत टाकली. नदी सुधारल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं, तर एवढंच विचारा: दगडाखाली काय सापडलं?